बँकांचा डेटा एका जागी आणताना

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांनी संगणकांवर वर्षाला 33.33 टक्के घसारा सरळ रेषा पद्धतीने काढायचा असतो. म्हणजे तीन वर्षांत यंत्राची किंमत पुस्तकातून जवळजवळ पुसली जाते. बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या कंपनीला कंपनी कायदा 2013 लागू. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व्हर आणि नेटवर्कचे आयुष्य 6 वर्षे धरले आहे. डेटा सेंटरमधली स्टोरेजची पेटी या दोन्ही हिशेबांना दाद न देता पुढेही चालत राहते आणि तिच्यावर अनेक बँकांची खाती असतात. मग एक दिवस उत्पादकाचे पत्र येते की, अमुक तारखेनंतर सुटे भाग मिळणार नाहीत, सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्याही थांबतील. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) आकडा तोवर दरवर्षी फुगत गेलेलाच असतो. लगेच बैठक बसते आणि पहिला प्रश्न हमखास विचारला जातो : नवी पेटी किती टेराबाइटची घ्यायची?

या पुस्तकाची पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे. किती टेराबाइट, हे कोटेशन मागवले की कळते. काय हलवायचे, काय ठेवायचे, हलवलेले बरोबर आले हे कोण ठरवणार आणि सगळे एका जागी आल्यावर ती जागाच बंद पडली तर काय, हे कोटेशनमध्ये नसते.

महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांच्या संदर्भात हा विषय कसा उभा राहिला ते आधी सांगायला हवे. रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर बँकांत यंत्रे आली, ती शाखेपुरती. लेजर पोस्टिंग मशीन, मग शाखेतला एक सर्व्हर, संध्याकाळी बॅकअप घेऊन डबा घरी नेणारा एक कारकून. नागरी सहकारी बँकांना कोअर बँकिंगसाठी रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2013 ही मुदत दिली, तेव्हा पाच-दहा शाखांच्या बँकेला स्वतःचे डेटा सेंटर उभारणे परवडणारे नव्हते. त्यातून सामायिक सेवेचा व्यवसाय वाढला. सॉफ्टवेअर सेवा कंपनीचे, यंत्रे कंपनीची, बँकेने महिन्याकाठी शाखेमागे भाडे भरायचे. बाजारात याला एएसपी मॉडेल म्हणतात. लहान बँका त्यामुळे तगल्या, हे मान्य केलेच पाहिजे.

पण ग्राहक एकेक करून आले, तशी यंत्रेही एकेक करून आली. एका बँकेने करारात स्वतंत्र स्टोरेजची अट घातली, म्हणून एक पेटी. दुसरी बँक आपली जुनी पेटी घेऊनच आली. तिसऱ्या वेळी मार्चअखेर जागा संपत आली आणि बाजारात जी लवकर मिळाली ती घेतली. दहा वर्षांनी अशा सेंटरमध्ये शिरावे तर चार उत्पादकांच्या सात पेट्या दिसतात. त्यातल्या एकीचा व्यवस्थापनाचा पडदा फक्त जावाच्या एका जुन्या आवृत्तीवर उघडतो, म्हणून एक जुना लॅपटॉप खास तिच्यासाठी जपलेला असतो आणि ‘अपडेट करू नये’ अशी चिठ्ठी त्याच्या झाकणावर चिकटवलेली असते. त्या लॅपटॉपचा पासवर्ड ज्याला ठाऊक, तो माणूस रजेवर गेला की सगळे जरा जपून वागतात.

या पसाऱ्यात जागा कमी असते असे नाही, ती अडकलेली असते. बँकेने मागताना पुढच्या पाच वर्षांचा विचार करून मागितलेले असते, वापरलेले त्याच्या निम्मेही नसते; उरलेले दुसऱ्याला देता येत नाही, कारण ती पेटी वेगळी. एकत्रीकरणाचा खरा आर्थिक फायदा हाच. सगळी जागा एका कुंडात घालायची आणि ज्याला जेव्हा लागेल तेव्हा द्यायची. यालाच थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. कागदावर दिलेली जागा प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त असते, आणि सगळे एकाच दिवशी मागायला येणार नाहीत या भरवशावर ते चालते. बँकिंगच्या माणसाला हे तत्त्व नवे नाही. मात्र सगळे एकाच दिवशी येतात असा दिवस बँकिंगमध्ये असतोच : 31 मार्च. त्या रात्री प्रत्येक बँकेत व्याजाची नोंद होते, लॉग फुगतात, अहवाल तयार होतात. कुंड भरले तर एका बँकेचे काम अडून भागत नाही, त्यावरच्या सगळ्यांचेच अडते. विक्रेते डेटा दाबून किती पट लहान होईल याचे आकडे देतात, तेही तपासून घ्यावेत. कॉम्प्रेशन आणि डीडुप्लिकेशन साध्या डेटावर छान चालते. डेटाबेसने आधीच एन्क्रिप्ट करून पाठवलेल्या डेटावर त्यातून जवळजवळ काहीच वाचत नाही. आणि बँकांचा डेटा दिवसेंदिवस एन्क्रिप्टच होत चालला आहे.

आता काय ठेवायचे, याकडे येऊ. या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण यंत्रतज्ज्ञ तो बँकेवर ढकलतात आणि बँक ‘सगळेच ठेवा’ म्हणून मोकळी होते.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली व्यवहारांच्या नोंदी 5 वर्षे जपायच्या असतात. चेक वटवण्याच्या सीटीएस पद्धतीत चेकचा कागद प्रवास करत नाही, त्याची प्रतिमा जाते. तो कागद सादर करणाऱ्या बँकेने 10 वर्षे ठेवायचा असतो. इथवर मुदती मोजता येतात. पण 10 वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी 2014 च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात आणि ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क त्यानंतरही संपत नाही. तो बँकेकडेच येणार, बँकेने पैसे द्यायचे आणि मग निधीकडून परत मागायचे. ऑगस्ट 2023 मध्ये उद्गम पोर्टल सुरू झाल्यावर असे शोध घरबसल्या घेता येऊ लागले. आजोबांच्या नावाची पावती घेऊन नातू आला तर त्या खात्याची नोंद, सहीचा नमुना, वारसाचा अर्ज कुठेतरी असावा लागतो. त्याला मुदतच नाही. बँका विलीन होतात तेव्हाही असेच. पीएमसी बँक जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवीदारांचे पैसे 10 वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले. बँक गेली, तरी तिच्या खात्यांचा डेटा तोवर शाबूत आणि वाचता येण्याजोगा ठेवणे आले.

वाचता येण्याजोगा, यात बरेच काही आले. जुने बॅकअप टेपवर असतात. एलटीओ प्रकारच्या टेपचे ड्राइव्ह पूर्वी स्वतःच्या आधीच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत. आठव्या पिढीत ते एकाच आधीच्या पिढीवर आले. म्हणजे 2013 साली एलटीओ-6 वर काढलेला बॅकअप एलटीओ-8 च्या ड्राइव्हमध्ये घातला तर तो वाचलाच जाणार नाही. टेप उत्तम अवस्थेत, कपाट कुलूपबंद, रजिस्टरात नोंद चोख, आणि वाचायला यंत्र नाही. नवे स्टोरेज घेताना जुना टेप ड्राइव्ह भंगारात काढायची घाई करू नये, हा सल्ला त्यातून निघतो. आधी टेपा नव्या पिढीवर उतरवून घ्याव्यात, मग ड्राइव्ह काढावा.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. शाखांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खातेदारांची मराठी नावे युनिकोडमध्ये नाहीत. काही इस्कीमध्ये आहेत, त्याचे 1991 चे प्रमाण तरी ठरलेले होते. बरीचशी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत आहेत, आणि प्रत्येक फॉन्टची अक्षरजुळणी निराळी. ‘विठ्ठल’ हे नाव घ्या. अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसते त्या क्रमाने आधी पहिली वेलांटी आणि मग व साठवलेला असतो. युनिकोडमध्ये आधी व, नंतर वेलांटी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, ते बऱ्यापैकी चालतात. पण त्याच रकान्यात कोणा कारकुनाने काही नावे इंग्रजीत टाकलेली असली तर प्रोग्राम त्यांचाही फॉन्ट समजून चेंदामेंदा करतो. सात पेट्यांचा डेटा एका पेटीत आणणे हे आठवड्याचे काम. विठ्ठल नावाचा खातेदार सातही बँकांच्या डेटात नीट सापडेल असे करणे महिन्यांचे काम आहे, आणि त्याची तरतूद मी फारच थोड्या अंदाजपत्रकांत पाहिली आहे.

प्रत्यक्ष हलवाहलव बाहेरून वाटते तितकी नाट्यमय नसते. जुन्या पेटीवर काम चालू असतानाच मागच्या बाजूने नव्या पेटीवर प्रत उतरत राहते, दिवसभरात जे बदलले तेवढे पुन्हा पुन्हा उतरते, आणि शेवटच्या रात्री फरक इतका लहान राहतो की काही मिनिटांत संपतो. मेख दोन ठिकाणी असते. पहिली अशी की डेटाबेसच्या फायली एका लनवर (स्टोरेजच्या स्वतंत्र कप्प्यावर) आणि त्याचे लॉग दुसऱ्या लनवर असतील तर दोन्हींची प्रत अगदी एकाच क्षणाची हवी. पाच सेकंदांचा फरक पडला तरी डेटाबेस उठत नाही, किंवा उठतो आणि काही व्यवहार गिळतो. दुसरी म्हणजे वेळ मिळणे. पूर्वी रात्री आठनंतर सगळे सेवा कंपनीच्या हाती असे. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून, आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालू झाले, आणि यूपीआय तर झोपतच नाही. एचडीएफसी बँकेने 13 जुलै 2024 रोजी, म्हणजे दुसऱ्या शनिवारच्या सुटीच्या दिवशी, कोअर बँकिंग नव्या यंत्रणेवर नेले तेव्हा पहाटे 3 ते दुपारी 4:30 असा साडेतेरा तासांचा अवधी ग्राहकांना आधी कळवून घेतला होता. त्या बँकेचे ग्राहक तेव्हा 9 कोटींवर होते. आपल्या चाळीस शाखांच्या बँकेला सांगायला संकोच वाटतो म्हणून रात्री दोन ते चार या वेळेत ‘गुपचूप’ उरकून घ्या म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी हे उदाहरण पाहावे.

त्या रात्री काम झाले हे कोणी म्हणायचे? प्रत उतरवणारे सॉफ्टवेअर पडद्यावर शंभर टक्के दाखवते, इंजिनिअर हात वर करतो. माझ्या मते तो अधिकार त्याचा नाही. काम झाले हे तेरीज सांगते. डे-एंड झाल्यावर जुन्या पेटीवरून काढलेले आकडे : योजनावार खात्यांची संख्या, प्रत्येक योजनेतल्या शिलकांची बेरीज, जनरल लेजरचे प्रत्येक शीर्ष, सस्पेन्स, आंतरशाखीय खाते, स्कॅन केलेल्या सह्यांची संख्या. नव्या पेटीवरून डेटाबेस उठवल्यावर तेच प्रश्न, त्याच क्रमाने. दोन्ही कागद शेजारी ठेवून बँकेच्या हिशेब खात्याच्या अधिकाऱ्याने ओळीला ओळ लावायची आणि सही करायची. ती सही होईपर्यंत जुन्या पेटीचे लेखन बंदच राहिले पाहिजे, म्हणजे परतीची वाट उघडी राहते. सकाळी एकदा नव्या पेटीवर पहिला खरा व्यवहार पडला की मागे फिरणे अवघड होत जाते. तो क्षण कोणता, हे आधी लिहून ठेवावे आणि ‘चला’ म्हणण्याचा अधिकार कोणा एकाला द्यावा. पहाटे चार वाजता समिती निर्णय घेऊ शकत नाही.

तेरीज जुळणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये सुमारे 52 लाख ग्राहक लॉइड्सच्या यंत्रणेवरून आपल्या मूळ कंपनीच्या, सबाडेलच्या, नव्या यंत्रणेवर नेले. डेटा व्यवस्थित पोचला, हे तिथल्या नियामकांनीही मान्य केले. कोसळली ती त्या डेटाखालची आणि भोवतालची यंत्रणा. लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, आणि सगळे पूर्वपदावर यायला महिने लागले. डिसेंबर 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86.5 लाख पाउंडांचा दंड झाला. खऱ्या गर्दीइतका भार टाकून चाचणी घेतल्याशिवाय नव्या स्टोरेजवर पाय ठेवू नये, याचे याहून महाग उदाहरण मला ठाऊक नाही.

एकत्रीकरणाचे समर्थक (मीही त्यांतलाच) सगळे एका जागी आल्याचे फायदे सांगताना जरा भरकटतात. सात पेट्यांपैकी एक बिघडली तर सहा बँकांना कळतही नाही. एकच पेटी असली की सगळ्यांना कळते. म्हणून दुसरी पेटी, दुसरी जागा, आपोआप बदली. आणि पुढच्या दोन घटना नेमक्या या आपोआप बदलीच्या आहेत.

टोकियो शेअर बाजारात 1 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी सामायिक स्टोरेजच्या एका यंत्रातली मेमरी बिघडली. दुसरे यंत्र शेजारीच तयार होते. ते ताब्यात आले नाही, कारण बदलीची एक सेटिंग अशी होती की या विशिष्ट बिघाडात ती लागूच होत नव्हती. उत्पादनाची वागणूक नव्या आवृत्तीत बदलली होती, माहितीपुस्तिकेत मात्र जुनेच लिहिलेले राहिले होते. दिवसभर बाजार उघडला नाही. संपूर्ण दिवस बंद राहण्याची ती 1999 च्या संगणकीकरणानंतरची पहिली वेळ होती आणि बाजाराच्या अध्यक्षांना पुढे पद सोडावे लागले.

दुसरी घटना आपल्या मुंबईतली. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी 11:40 ला व्यवहार थांबले, ते दुपारी 3:45 ला सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार 5 वाजेपर्यंत चालवावा लागला. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार तारा डळमळल्या होत्या. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशानुसार कारण होते दोन केंद्रांमधल्या रस्त्यावरचे खोदकाम आणि बांधकाम. तारा गेल्या तरी मुख्य केंद्र एकट्याने चालायला हवे होते. पण दोन्हीकडे एकाच वेळी लिहिणारी सॅन (स्टोरेजच्या जाळ्याची) यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. मुख्य केंद्रातले स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासे झाले, आणि क्लिअरिंग कंपनीची जोखीम-व्यवस्था बंद पडली. मुंबईच्या रस्त्यावरचे खोदकाम ही अकल्पित आपत्ती आहे असे कोणी म्हणणार नाही!

दोन केंद्रांत एकाच वेळी लिहिण्याची किंमत अंतरात मोजली जाते. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. 100 किलोमीटरवर जाऊन येण्यात 1 मिलिसेकंद गेला. प्रत्येक नोंद दोन्हीकडे पोचल्याशिवाय पूर्ण धरायची नसेल तर जवळचे केंद्र हवे, आणि भूकंप-पुराच्या भीतीने लांबचेही हवे; ते मात्र थोडे मागे राहणार. किती मागे राहिलेले चालेल, हे यंत्रतज्ज्ञाने ठरवायचे नाही. दहा सेकंदांत किती एटीएम व्यवहार होतात आणि ते गेले तर कोण भरून देणार, हे बँकेने सांगायचे.

आणि एक खुलासा, कारण हा घोळ अजून होतो : दुसऱ्या केंद्रातली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे कोणी चुकून फाईल पुसली तर तिकडेही तत्काळ पुसली जाते. इकडे खंडणीखोराने डेटा कुलूपबंद केला तर तिकडेही तो कुलूपबंदच पोचतो. 31 जुलै 2024 रोजी सी-एज या टीसीएस आणि स्टेट बँकेच्या संयुक्त कंपनीवर रॅन्समवेअरचा संशय आला, तेव्हा एनपीसीआयने तिला किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. तिची सेवा घेणाऱ्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांना त्या काळात यूपीआय वगैरे सेवा मिळेनात. बातम्यांत अशा बँकांचा आकडा 300 च्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. एकत्र सेवेत एकाचा ताप सगळ्यांना कसा येतो ते त्या दिवशी दिसले. ज्या प्रतीला खुद्द प्रशासकालाही ठरलेल्या मुदतीपर्यंत हात लावता येत नाही, अशी एक प्रत नेटवर्कपासून दूर हवीच.

या पुस्तकाशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे, तो नोंदवतो. सगळे काही फ्लॅशवर न्यावे, असा त्याचा कल आहे. रोजच्या व्यवहारांसाठी तो योग्यच. पण पंधरा वर्षांपूर्वीची बंद झालेली कर्जखाती फ्लॅशवर ठेवून सहकारी बँकेकडून त्याचे भाडे घेणे मला पटत नाही. त्यांना टेप पुरे, फक्त ती दरवर्षी वाचून पाहावी.

शेवटी बँकांच्या संचालकांसाठी दोन शब्द. रिझर्व्ह बँकेचे संगणकसेवा बाहेरून घेण्याविषयीचे निर्देश 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाले. मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहेत, आणि काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते हे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. तेव्हा सेवा कंपनी नव्या स्टोरेजची दरवाढ मागायला आली की टेराबाइटचा तक्ता बाजूला ठेवा आणि तीन कागद मागा : मागच्या वेळी बॅकअपवरून आमच्या बँकेचा डेटा प्रत्यक्ष उठवून पाहिला त्याची तारीख व तेरीज, पर्यायी केंद्रावरून पूर्ण दिवस काम केल्याचा अहवाल, आणि उद्या आम्ही सेवा सोडली तर डेटा कोणत्या रूपात, किती दिवसांत हाती पडेल ते कलम. तिन्ही मिळाले तर दरवाढीवर बोलणी करा. एकही मिळाला नाही तर ती पेटी कितीही नवी असो, सही करू नका.